म्हाताऱ्या कुत्र्याची खोड: टिकते कशी, सुटते कशी

सकाळी घंटागाडीचं गाणं गल्लीच्या तोंडाशी ऐकू आलं की वाईतल्या कितीतरी घरांत एकच प्रकार घडतो. पायरीवर ऊन खात पडलेला, सांधे धरलेला, एरवी हाक मारली तरी मान न वळवणारा म्हातारा कुत्रा ताडकन उठतो आणि गेटवर जाऊन घसा बसेपर्यंत भुंकतो. आतून कुणीतरी ओरडतं, "गप रे मोत्या!" मोत्या गप बसत नाही. गाडी पुढच्या गल्लीत गेली की मगच तो शेपूट हलवत परत येतो. हे एक-दोन दिवसांचं नसतं. आठ-आठ, दहा-दहा वर्षं रोज चाललेलं असतं.

मोत्या हे नाव आपण सोयीसाठी घेऊ. पण कोडं खरं आहे. चपातीच्या डब्याचं झाकण तिसऱ्या खोलीत वाजलं तरी ज्याला कळतं, मालकाची गाडी कोपऱ्यावर वळली की जो ओळखतो, त्याला दहा वर्षं रोज सांगितलेली एक साधी गोष्ट का कळत नाही? आणि तीच गत ताटाशी येऊन केविलवाणं तोंड करणाऱ्या, पाहुण्यांच्या अंगावर पाय टाकणाऱ्या, चपला पळवणाऱ्या कुत्र्यांची.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं म्हणून आपण विषय सोडून देतो. कुत्र्याच्या बाबतीत हे खरं नाही. खोड टिकते ती वयामुळे नव्हे. तिला रोज काहीतरी मोबदला मिळत असतो म्हणून ती टिकते, आणि तो मोबदला बहुतेक वेळा घरातलीच माणसं नकळत देत असतात. तो कुठून मिळतो हे शोधलं, की म्हाताऱ्या कुत्र्यालाही वळण लावता येतं.

भुंकणं कामी येतं, म्हणून

१८९८ साली एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने भुकेल्या मांजरांना लाकडी खोक्यांत ठेवून एक प्रयोग प्रसिद्ध केला. खोक्याचं दार आतली दोरी ओढली किंवा कळ दाबली की उघडायचं आणि बाहेर खाणं असायचं. मांजर आधी ओरबाडायचं, चावायचं, ओरडायचं, आणि या धडपडीत कधीतरी चुकून पंजा दोरीवर पडायचा. पुढच्या खेपेला ते थोडं लवकर सुटायचं, त्यापुढे आणखी लवकर. कुणी त्याला शिकवलं नव्हतं. ज्या कृतीनंतर चांगलं घडलं ती कृती पक्की होत गेली, बाकीच्या गळून गेल्या. थॉर्नडाइकने याला परिणामाचा नियम म्हटलं, आणि प्राण्यांच्या शिकण्याबद्दल आज आपल्याला जे कळतं त्याचा पाया हाच नियम आहे.

आता हाच नियम गेटपाशी लावून पाहा. पोस्टमन येतो, मोत्या भुंकतो, पोस्टमन निघून जातो. कुरिअरवाला येतो, मोत्या भुंकतो, तोही जातो. घंटागाडी तर इतकी मोठी, पण तीही जाते. ही माणसं आपापलं काम संपलं म्हणून गेली, हे आपल्याला माहीत असतं. मोत्याच्या हिशोबात मात्र त्याने भुंकून त्यांना हाकललेलं असतं. दिवसातून पाच-सहा वेळा मिळणारं हे यश वर्षभरात हजारांच्या घरात जातं. एवढ्या वेळा फळलेली कृती कुणीही सोडणार नाही.

मग आपण आतून जे ओरडतो त्याचं काय? ते त्याच्या कानी पडतंच. पण त्यात रागावणं आहे हे त्याला कळेलच असं नाही. तो भुंकतो तेव्हा घरातला माणूसही मोठ्याने आवाज करतो, एवढंच त्याच्या लक्षात येतं. शिवाय दिवसभर पायरीवर शांत पडलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याकडे घरात कुणाचंच लक्ष नसतं. तो भुंकला की मात्र तिघं-चौघं त्याच्याकडे बघतात, त्याचं नाव घेतात, उठून त्याच्यापर्यंत येतात. माणसाचं लक्ष हा कुत्र्यासाठी फार मोठा मोबदला आहे, मग ते लक्ष रागाचं का असेना.

वाईहून कृष्णा खाली वाहत जाते आणि साताऱ्याजवळ संगम माहुलीला वेण्णा तिला मिळते. तिथे छत्रपती थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी दाखवतात. शिकारीच्या वेळी खंड्याने भुंकून महाराजांना वाघापासून सावध केलं आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, अशी हकीकत सांगितली जाते. भुंकणं ही मुळात खोड नाहीच, हे या गोष्टीतून नीट कळतं. माणसाने कुत्रा जवळ केला त्यात राखण हे एक मोठं कारण होतं. मोत्या करतो ते त्याच्या दृष्टीने कर्तव्यच असतं. त्याला फक्त एवढं शिकवायचं आहे की घंटागाडी म्हणजे वाघ नव्हे.

कधीमधी पडणारा तुकडा

ताटाशी येऊन मागण्याची सवय हा याचाच दुसरा नमुना. घरात नियम असतो की जेवताना कुत्र्याला काही द्यायचं नाही. आई पाळते, मुलं पाळतात. आजोबा मात्र आठवड्यातून एकदा-दोनदा, कुणी बघत नाही असं पाहून, चपातीचा एक तुकडा पाटाखाली सरकवतात. त्यात प्रेम असतं. "एवढ्याने काय होतंय?" असं त्यांना मनापासून वाटतं.

बरंच काही होतं. बी. एफ. स्किनर यांनी उंदीर आणि कबुतरांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. कळ दाबली की दर वेळी दाणा मिळत असेल, तर दाणा बंद झाल्यावर प्राणी काही वेळाने कळ दाबणं सोडून देतो. पण दाणा कधी तिसऱ्या वेळी, कधी विसाव्या वेळी, असा अनियमित मिळत असेल, तर दाणा पूर्ण बंद केल्यावरही तो कितीतरी जास्त वेळ कळ दाबत राहतो. कारण रिकाम्या वेळा त्याच्या अंगवळणी पडलेल्या असतात. आज मिळालं नाही याचा अर्थ उद्या मिळणार नाही, असा त्याला काढताच येत नाही.

म्हणजे आजोबांच्या दोन तुकड्यांनी आईच्या एकोणीस नकारांना काही अर्थ उरत नाही. इतकंच नव्हे, रोज तुकडा दिला असता तर सवय मोडायला सोपी गेली असती. कधीमधी दिल्याने ती चिवट झाली. म्हाताऱ्या कुत्र्याच्या खोडी जास्त घट्ट वाटतात त्याचं मुख्य कारण हे आहे. त्याच्यामागे अशा अनियमित तुकड्यांची दहा वर्षं असतात.

यातच आणखी एक टप्पा येतो, आणि बहुतेक घरं इथेच हरतात. एके दिवशी सगळे ठरवतात, आजपासून तुकडा बंद. पहिल्या दोन-तीन दिवसांत मागणं कमी होण्याऐवजी वाढतं. कुत्रा कुंई-कुंई करतो, पंजा मांडीवर ठेवतो, कधी न भुंकणारा ताटापाशी भुंकतो. नेहमीचा उपाय चालेना म्हटल्यावर तो जास्त जोर लावून पाहतो, इतकंच. ही उसळी ओसरणारी असते. पण तेवढ्यात कुणाला तरी दया येते किंवा पाहुण्यांसमोर लाज वाटते आणि तुकडा पडतो. कुत्रा त्यातून शिकतो तो धडा असा: हळू मागून मिळत नाही, भुंकून मिळतं. म्हणूनच सुरुवात करायची तर सगळ्या घराने एका दिवशी करावी, नाहीतर करूच नये. अर्धवट प्रयत्नाने खोड आणखी बिघडते.

वय झाल्यावर शिकता येतं का?

मोठ्या चणीचा कुत्रा सात-आठ वर्षांचा झाला की म्हातारपणाकडे झुकतो. पॉमेरेनियनसारखा लहान चणीचा दहाच्या आसपास. या वयात मेंदू नवं घेतो का, याचा नीट शोध व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातल्या संशोधकांनी घेतला आणि २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. पाच महिन्यांपासून तेरा वर्षांपर्यंतचे ९५ बॉर्डर कोली कुत्रे त्यांनी निवडले. पडद्यावर दोन चित्रं दिसायची. बरोबर चित्राला नाक लावलं की खाऊ मिळायचा.

वय वाढलेल्या कुत्र्यांना चित्रं शिकायला जास्त फेऱ्या लागल्या, आणि चुकलेली वाट सोडून नवी धरणं त्यांना जड गेलं. पण ते शिकले. सहा महिन्यांनी तीच चित्रं पुन्हा दाखवली तेव्हा आठवणीत तरुण आणि म्हाताऱ्या कुत्र्यांत फरक दिसला नाही. आणि एका परीक्षेत तर म्हातारे पुढे निघाले. एक ओळखीचं चुकीचं चित्र आणि एक अगदी नवं चित्र समोर ठेवलं, तर "हे चुकीचं आहे हे मला माहीत आहे, म्हणजे दुसरं बरोबर असणार" असा वजाबाकीचा विचार वयस्क कुत्र्यांनी जास्त चांगला केला.

मला या अभ्यासातून घ्यावंसं वाटतं ते असं: म्हाताऱ्या कुत्र्याला वेळ जास्त द्या, पण शिकलेलं टिकेल याची खात्री बाळगा. पिल्लापेक्षा त्याचे काही फायदेही आहेत. तो उगाच बागडत नाही, एका जागी थांबतो, घरातल्या माणसांचे हावभाव त्याला पाठ असतात.

आधी डॉक्टर, मग शिकवणी

शिकवणीला बसण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: ही खोड जुनी की नवी? पिल्लू असल्यापासून गेटवर भुंकणाऱ्या कुत्र्याची गोष्ट वेगळी आणि नऊ वर्षं शहाण्यासारखा वागून आता अचानक घरात लघवी करणाऱ्या, मुलांवर गुरगुरणाऱ्या, रात्री ओरडणाऱ्या कुत्र्याची वेगळी. नवी खोड हे बहुधा दुखण्याचं लक्षण असतं.

ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या कुत्र्यांच्या नोंदी तपासून २०२० मध्ये लिहिलं की, अशा रुग्णांपैकी अगदी सावध अंदाजानेही एक-तृतीयांश कुत्र्यांना कसली ना कसली वेदना असते. कंबर आणि गुडघे धरलेल्या कुत्र्याला लहान मुलाने मिठी मारली तर तो गुरगुरणारच. त्याला "खुनशी झालाय" म्हणून शिक्षा करणं हा सरळ अन्याय आहे. घरात लघवी होण्यामागे मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असू शकतो. हाक न ऐकण्यामागे हट्ट नसून बहिरेपण असू शकतं. अन्न बघून चिडचिड होत असेल तर दात तपासावेत.

आणि मेंदूही म्हातारा होतो. माणसातल्या स्मृतिभ्रंशाशी मिळताजुळता आजार कुत्र्यांत असतो. कॅलिफोर्नियात २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ११ ते १२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्के आणि १५ ते १६ वर्षांच्या कुत्र्यांपैकी ६८ टक्के कुत्र्यांत याचं किमान एक लक्षण दिसलं. नेहमीच्या घरात वाट चुकणं, दाराच्या बिजागरीच्या बाजूला जाऊन उभं राहणं, दिवसा झोप आणि रात्री फेऱ्या, ओळखीच्या माणसाकडे दुर्लक्ष, शिकलेली शिस्त विसरणं, ही ती लक्षणं. अशा कुत्र्याला रागावून काहीही साधत नाही. त्याचं जेवण-फिरणं ठरल्या वेळी ठेवणं, रात्री एखादा मंद दिवा लावणं, फर्निचरची जागा न बदलणं आणि डॉक्टरांचा सल्ला, हाच मार्ग.

वाईकरांना यासाठी फार लांब जावं लागत नाही. गावातले जनावरांचे डॉक्टर आहेतच. गुंतागुंतीचं काही असलं तर खंबाटकी घाट ओलांडला की शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. दहा वर्षांच्या कुत्र्याची रक्त-लघवी तपासून घेणं ही चैन नव्हे.

गेटवरचं भुंकणं: प्रत्यक्ष काय करायचं

तब्येत ठीक आहे असं कळलं की कामाला लागायचं. इथे मी एकच खोड सविस्तर घेतो, कारण रीत कळली की ती बाकीच्या खोडींना लावता येते.

पहिलं काम शिकवण्याचं नाही, संधी काढून घेण्याचं आहे. दर वेळी मोत्या गेटवर जाऊन भुंकतो तेव्हा जुन्या सवयीचा आणखी एक सराव होतो. गेटच्या जाळीला आतून हिरवी नेट किंवा गोणपाट बांधलं की रस्ता दिसत नाही. घंटागाडीच्या वेळेला त्याला मागच्या खोलीत घेऊन जावं. एवढ्यानेही भुंकणं बरंच उतरतं.

दुसरं, त्याला करण्यासारखं काहीतरी द्यायचं. "भुंकू नको" ही सूचना कुत्र्याला कळत नाही, कारण न करणं ही कृती नाही. "सतरंजीवर जाऊन बस" ही कृती आहे, आणि सतरंजीवर बसलेला कुत्रा त्याच क्षणी गेटवर असू शकत नाही. सोप्याच्या आतल्या कोपऱ्यात जाड सतरंजी किंवा जुनी गोधडी अंथरावी. शहाबादी फरशीवर किंवा गुळगुळीत टाइल्सवर म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय घसरतात आणि बसता-उठता दुखतं, म्हणून अंथरूण सरकणारं नको. घर शांत असताना खाऊचा एक कण सतरंजीवर टाकायचा. तो तिकडे गेला, पाय अंथरुणावर टेकले, की लगेच "शाब्बास" म्हणून दुसरा कण द्यायचा. "लगेच" या शब्दावर सगळं अवलंबून आहे. कृती आणि खाऊ यांत एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ गेला, तर मधल्या वेळात त्याने जे केलं त्याचा तो खाऊ समजतो. तो आपणहून सतरंजीकडे जायला लागला की मग "जागेवर" हा शब्द जोडायचा, आणि सोबत हाताची एक खूणही, कारण पुढे-मागे कान गेले तरी डोळे कामाला येतील.

तिसरं काम आवाजाचं. इव्हान पावलोव यांचे कुत्र्यांवरचे प्रयोग बहुतेकांनी शाळेत ऐकलेले असतात. खाण्याआधी दर वेळी एक ठरावीक आवाज ऐकवला की पुढे नुसत्या आवाजानेही लाळ सुटते. याचाच उपयोग करायचा. घंटागाडीचं गाणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घ्यावं. मागच्या खोलीत, अगदी बारीक आवाजात दोन-तीन सेकंद वाजवावं, आणि लगेच खाऊ द्यावा. आधी आवाज, मग खाऊ, हा क्रम उलटा होऊ देऊ नये. मोत्याने कान टवकारून आपल्या हाताकडे पाहिलं, म्हणजे जमलं. भुंकला, तर आवाज जास्त झाला, पुन्हा कमी करावा. दिवसागणिक आवाज किंचित वाढवत, मग सोप्यात, मग गेटच्या जवळ, आणि शेवटी खरी घंटागाडी गल्लीच्या टोकाला असताना.

एका वेळी तीन-चार मिनिटं पुरेत, दिवसातून दोनदा किंवा तीनदा, जेवणाच्या आधी. म्हातारं जनावर थकतं आणि थकल्यावर काही शिकत नाही. या सगळ्याला दिवस नव्हे, आठवडे लागतात. मधे एखादा दिवस वाया गेला तर मागच्या पायरीवर यावं, रागावू नये.

चौकट: खाऊ कोणता?

उकडलेल्या चिकनचा किंवा अंड्याचा कण, पनीर, गाजर, उकडलेलं रताळं चालतं. तुकडा करंगळीच्या नखाएवढा असावा, आणि दिवसभराच्या अन्नात खाऊचा वाटा एक-दशांशापेक्षा जास्त नसावा.

बेदाणे आणि द्राक्षं कधीही देऊ नयेत. सांगली-तासगावचा बेदाणा आपल्याकडे घरोघरी असतो, पण कुत्र्याचं मूत्रपिंड त्याने निकामी होऊ शकतं आणि किती दाण्यांनी होईल हे आधी सांगता येत नाही. चॉकलेट, कांदा, लसूण, आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले पदार्थ हेही विषारी. शिजवलेल्या हाडांच्या किरच्या आतड्यात टोचतात. कंदी पेढ्यासारखे साखर आणि मावा असलेले पदार्थ म्हाताऱ्या कुत्र्याला बाधतात. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर खाऊ डॉक्टरांना विचारूनच ठरवावा.

मारल्याने काय होतं

"एक रट्टा दिला की सुधारतो" हा सल्ला अजूनही सर्रास मिळतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २००९ मध्ये वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या १४० कुत्र्यांच्या मालकांना विचारण्यात आलं की त्यांनी काय-काय उपाय केले आणि कुत्र्याने काय केलं. ज्यांनी मारलं किंवा लाथ घातली, त्यांच्यापैकी ४३ टक्क्यांनी कुत्रा उलट अंगावर आल्याचं सांगितलं. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारलं तर तो गुरगुरणं सोडतो हे खरं, पण भीती तशीच राहते. पूर्वसूचना देणारा आवाज तेवढा बंद होतो, आणि पुढच्या वेळी तो न गुरगुरता चावतो. घरात लहान मूल असेल तर हा फार मोठा धोका आहे.

मारण्याच्या बाजूने दोन समजुती पुढे केल्या जातात. एक, कुत्रा लांडग्याच्या जातीचा, त्याला "इथला मालक कोण" हे दाखवावंच लागतं. ही कल्पना रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या, पिंजऱ्यातल्या लांडग्यांच्या निरीक्षणांवरून आली. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती जगभर गेली. पण मेक यांनीच पुढे मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं की लांडग्यांचा कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्लं, म्हणजे एक कुटुंब. सत्तेसाठी भांडणारी टोळी नव्हे. ज्याने कल्पना पसरवली त्यानेच ती मागे घेतली, पण ती आपल्या मनातून गेलेली नाही.

दुसरी समजूत अशी की चूक केलेली त्याला कळते, बघा कसा कान पाडून बसलाय. न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये हे तपासलं. मालकाने मनाई केलेला खाऊ खोलीत ठेवला, मालक बाहेर गेला, आणि परत आल्यावर त्याला कधी खरं, कधी खोटं सांगितलं की कुत्र्याने तो खाल्ला. अपराधी चेहरा खाऊ खाल्ला की नाही यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की नाही यावर होता. उलट, काहीच न खाता बोलणी खाणाऱ्या कुत्र्यांचे चेहरे जास्त अपराधी दिसले. संध्याकाळी घरी आल्यावर चघळलेली चप्पल नाकाशी धरून कुत्र्याला रागावणं म्हणूनच निरर्थक आहे. चप्पल दुपारी चघळली गेली. त्याच्या दृष्टीने तुम्ही घरी आलात आणि रागावलात, एवढंच घडलं.

भीती ही खोड नव्हे

फटाक्यांच्या आवाजाने पलंगाखाली शिरणारा, ढोल वाजले की थरथर कापणारा कुत्रा हट्ट करत नसतो. वाई परिसरात असे आवाज वर्षभर असतात. गणपतीच्या मिरवणुका, दिवाळी, लग्नाच्या वराती, रंगपंचमीला बावधनच्या बगाडाची गर्दी आणि वाद्यं. भीतीवरचा उपाय १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी एका लहान मुलावर करून दाखवला होता. पीटर नावाचा तो मुलगा सशाला घाबरायचा. तो आवडीचं खात असताना ससा आधी खोलीच्या टोकाला ठेवला, मग हळूहळू जवळ आणला. शेवटी त्याने सशाला हात लावला. कुत्र्यासाठीही तेच, सण यायच्या दोन महिने आधी सुरू करून, बारीक आवाजापासून. ऐन दिवाळीत मात्र शिकवणी नको. आतली खोली, बंद खिडक्या, पंख्याचा किंवा टीव्हीचा आवाज आणि जवळ आपलं माणूस. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर तो लाडावेल, ही भीती निराधार आहे. धीर दिल्याने भीती वाढत नाही. फार घाबरत असेल तर डॉक्टर औषधही देऊ शकतात.

सुटलेली खोड परत येते तेव्हा

दोन महिने मोत्या शहाण्यासारखा सतरंजीवर बसला. मग दिवाळीला पाहुणे आले, आणि तो पुन्हा गेटवर. घरच्यांना वाटतं सगळं पाण्यात गेलं. तसं नसतं. जुनी सवय पुसली जात नाही, तिच्यावर नवी सवय चढते. पावसाळ्यात कृष्णेला पूर आला की गणपती घाटाच्या पायऱ्या दिसेनाशा होतात, पण त्या जागच्या जागी असतात. पाणी ओसरलं की वरची पायरी आधी उघडी पडते. पावलोव यांनाही हे दिसलं होतं. मोडलेली सवय काही काळाच्या विश्रांतीनंतर आपोआप डोकं वर काढते. जागा बदलली, माणसं बदलली, तरी असंच होतं, कारण नवी सवय ज्या परिस्थितीत शिकली तिथेच ती पक्की असते. एका खोलीत शिकवलेलं अंगणात आपोआप लागू होत नाही.

उपाय एवढाच की चार ठिकाणी, चार माणसांसमोर सराव करावा, आणि खोड उलटली तर दोन पायऱ्या मागे जाऊन सुरू करावं. दुसऱ्या खेपेला ती पहिल्यापेक्षा लवकर बसते.

खोडींना कंटाळून म्हातारा कुत्रा कुठल्या तरी घाटात किंवा हायवेच्या कडेला सोडून देणारी माणसं आहेत. जन्मभर ठरल्या वेळी भाकरी मिळालेल्या कुत्र्याला रस्त्यावर अन्न शोधता येत नाही, आणि दुसऱ्या टोळ्या त्याला जवळ येऊ देत नाहीत. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम ११ नुसार, उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा परिस्थितीत जनावर सोडून देणं हा गुन्हा आहे. तुमच्या घरात असा कुत्रा असेल आणि त्याच्या खोडीने जीव मेटाकुटीला आला असेल, तर आधी त्याला डॉक्टरांना दाखवा. मग आज रात्री जेवायला बसण्याआधी आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांना एकत्र बसवा आणि ताटातला तुकडा कुणीच टाकायचा नाही, एवढं एक ठरवून उद्यापासून पाळा.